हलका हात

२ फेब्रुवारी

नवं घर, नवी नोकरी, तेव्हा वहीही नवी. घर चौथ्या मजल्यावर आहे. दोनच खोल्या, पण स्वयंपाकघरात सकाळभर ऊन असतं, आणि ऊन असलं की सासूबाई बऱ्या असतात, हे गणित मला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सुटलं. नवऱ्याने पडदे लावले, त्यातला एक वाकडा. भिंगरी दोन्ही खोल्यांतून इतकी धावली की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला आल्या, घोडा पाळलाय का म्हणून. भिंगरी म्हणजे आमची सात वर्षांची लेक. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आली, त्यामुळे तिचं खरं नाव फक्त शाळेत वापरतात.

उद्यापासून मी लॅबमध्ये. रक्त काढायचं काम. दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, सुई घालायची, नळी भरली की वर कापूस आणि चिकटपट्टी. ऐकणाऱ्याला वाटतं यात काय मोठंसं, पण एकदा करून बघा म्हणावं. आधीच्या दवाखान्यात हे काम करणारी मी एकटीच होते, त्यामुळे मला कुणी चांगलीही म्हटलं नाही आणि वाईटही नाही. इथे माणसं जास्त, गर्दी जास्त. नाव काढायला जागा आहे. मी फार खूश आहे.

४ फेब्रुवारी

लॅब छान आहे. निळ्या खुर्च्या, थंडगार हवा, आणि डॉक्टर ओरडत नाहीत. रक्त काढायला दोन टेबलं. एक माझं. दुसऱ्यावर पन्नाशीची एक किडकिडीत बाई बसते, तिला सगळे पीसताई म्हणतात. हात पिसासारखा हलका, म्हणून. सुई कधी गेली आणि कधी निघाली ते माणसाला कळतच नाही म्हणे. लोक तिच्याकडे हात देऊन खुशाल गप्पा मारत असतात आणि मध्येच विचारतात, ताई, कधी टोचणार?

माझ्याकडे पहिले आले ते एक आजोबा. सुई जाताच असे कळवळले की बाहेर बसलेले दोघे उठून उभे राहिले. शीर निसरडी होती, त्याला मी काय करू!

पीसताई स्वभावाने बरी वाटते. जरा विचित्र मात्र आहे. चहाचा कप दोन्ही तळव्यांत गच्च धरते, लिफ्टचं बटण कोपराने दाबते, आणि आज तर मी तिला नाकाच्या शेंड्याने फोन लावताना पाहिलं. घरी सांगितलं तर भिंगरी संध्याकाळभर नाकाने पंख्याचं बटण लावत होती.

९ फेब्रुवारी

पुकारा झाला, एक बाई माझ्या टेबलापर्यंत आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि गोड हसून म्हणाल्या, मी थांबते, पीसताईंचं होऊ दे. त्यांच्या मागचेही थांबले. त्यांच्या मागचेही. मी हातमोजे घालून रिकामी बसले होते आणि तिच्यासमोर रांग दारापर्यंत. काउंटरवाला मला म्हणाला, तुमचं बरं आहे, आराम. असा आराम तुझ्या बायकोला मिळो, असं म्हणायचं अगदी जिभेवर आलं होतं.

मी जळतेय असं नाही. मला फक्त कळत नाही की तिच्याकडे असं काय आहे. शिक्षण माझ्याइतकंच आहे. सुई तीच, पट्टा तोच. मनातल्या मनात मी तिला पिसूताई म्हणते, तेवढंच जरा बरं वाटतं.

१३ फेब्रुवारी

तिच्या हाताकडे बघत बसले आज. बोटं लांबसडक, नखं कापलेली, काही विशेष नाही. पण कुणाच्या दंडाला लावली की तो माणूस सैल पडतो. पोटात दुखतं माझ्या. खरंच दुखतं, उजव्या बाजूला. घरी नवऱ्याला म्हटलं तर म्हणाला, तूही शिकशील हळूहळू. हळूहळू! मी काय काल सुई धरली?

सासूबाई म्हणाल्या की हात हलका असणं ही देणगी असते, मागून मिळत नाही. त्यांना कुणी विचारलं होतं?

१७ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

एका लहान मुलाचं रक्त काढायचं होतं. मी पट्टा बांधताच त्याने आकांत मांडला. आईने त्याला माझ्या समोरून उचललं आणि पीसताईकडे नेलं. तिने त्याला विचारलं, तुझ्या बुटांवर कोण आहे, वाघ की मांजर? तो मांजर म्हणेपर्यंत नळी भरली होती. डॉक्टर दारात उभे राहून सगळं बघत होते. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, काही दिवस तुम्ही नुसत्या नळ्यांवर नावं चिकटवा, रक्त ताई काढतील. अगदी प्रेमाने म्हणाले. त्यापेक्षा ओरडले असते तर परवडलं असतं.

दुपारी सामानाच्या खोलीत ती कापसाचे गठ्ठे मोजत होती. माझा तोल गेला. म्हटलं, तुमचा तो हात मला द्या ना एकदा, मग बघू कुणाची रांग किती लांब होते. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. हातातला गठ्ठा खाली ठेवून तिने विचारलं की हे मी गंमत म्हणून बोलतेय की मला खरंच हवाय. म्हटलं, हवाय. ती म्हणाली, पुन्हा म्हण. मी म्हटलं, द्या मला. रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही मला. द्या.

ती म्हणाली, घे.

एवढंच. मग ती मटकन स्टुलावर बसली, स्टूल करकरलं, आणि त्या आवाजाने ती रडायला लागली. मी घाबरून बाहेर आले. बाई वयाने चळली असावी.

१८ फेब्रुवारी

आला! माझ्याकडे आला!

पीसताईने सकाळी पहिल्याच माणसाला असं टोचलं की त्याने आईची आठवण काढली. दुसऱ्यालाही तेच. आणि ती हसतेय! डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. डॉक्टर गोंधळले आणि त्यांनी मला बसवलं. मी एका मुलीच्या हातात सुई घातली, काढली, कापूस लावला. तिने डोळे मिटलेलेच. म्हणाली, करा ना लवकर, मला भीती वाटते. म्हटलं, झालं बाळा.

दुपारी पीसताईने राजीनामा दिला. जाताना लिफ्टचं बटण बोटाने दाबलं, मग उगाच परत दाबलं, परत दाबलं.

२६ फेब्रुवारी

रांग माझ्यापुढे असते आता. माझ्यासाठी थांबतात. दुसऱ्या टेबलावर तात्पुरती एक जण आली होती, तिच्या तोंडावर मी अगदी माझाच आठवड्यापूर्वीचा चेहरा पाहिला आणि मला इतकं गोड वाटलं की काय सांगू. दुसऱ्याने आपल्यावर जळावं यासारखं सुख नाही. दोन दिवसांत ती गेली. एक म्हातारी म्हणाली, बाई, तुझ्या हाताला स्पर्शच नाही गं. मी म्हटलं, आशीर्वाद तुमचा.

नवऱ्याने मिठाई आणली. सासूबाईंनी ती चाखलीही नाही. आता विचारा म्हणावं, मागून मिळतं की नाही.

५ मार्च

कप फुटला. सकाळचा तिसरा. धरलाय असं मला वाटतं, पण कपाला तसं वाटत नसावं.

हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला तर हिरवा दिवा लागेना. काउंटरवाला म्हणाला, दाबा जरा. मी दाबतच होते. शेवटी त्याने माझा अंगठा धरून यंत्रावर टेकवला आणि एकदम हात काढून घेतला. विचारलं तर म्हणाला काही नाही, हात गार वाटला. नंतर तो बराच वेळ आपलीच बोटं चोळत होता.

११ मार्च

फोनही बोटाला ओळखत नाही. नाकाने लावला. लिफ्टमध्ये कोपर. हे सगळं करताना मी आधी कुणाला पाहिलंय ते मला आठवतंय, लिहायला नको.

काल नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून मी बरंच काही बोलले. तो फोनमध्ये बघत होता. मग वळला आणि दचकला. म्हणाला, तू कधी आलीस?

१५ मार्च

रविवार. दुपारी भिंगरी झोपेना. माझी सवय आहे, तिच्या पाठीवर हात ठेवून थोपटायचं, दोन मिनिटांत डोळे मिटतात. थोपटत होते. ती कूस बदलत राहिली आणि म्हणाली, आई, हात ठेव ना.

हात ठेवलेलाच होता.

मी जोरात थोपटलं. खूप जोरात. ती म्हणाली, आई, ठेव ना गं, किती वेळ झाला. मग उठून आजीकडे गेली. सासूबाईंचा हात म्हणजे वरवंटा. धप् धप् असा आवाज पलीकडच्या खोलीतून येत होता आणि पोर क्षणात झोपली. मी दारात उभी राहून त्या हाताकडे बघत होते. जाड, खरखरीत, बोटांचे सांधे सुजलेले. आयुष्यात मला कुणाचा इतका हेवा वाटला नव्हता. पिसूताईचासुद्धा नाही.

१६ मार्च

पीसताईचं घर शोधून काढलं. दाराआडून ठाक ठाक ऐकू येत होतं. बाई भिंतीत खिळे ठोकत होती. टांगायला काहीच नव्हतं, नुसतेच खिळे. मग तिची नात येऊन तिच्या दंडावर डोकं ठेवून झोपली, आणि ती मला कौतुकाने सांगत होती की हाताला मुंग्या आल्यात, बघ, कसा जड झालाय. मला तिचा गळा दाबावासा वाटला. दाबला असता तरी तिला कळलं नसतं.

तिने काही लपवलं नाही. तिलाही तो असाच मिळाला होता, एका बाईवर जळून जळून. म्हणाली, आधी हात जातो, मग खांदा, मग बाकीची. आपलं वजन म्हणजे काय, तर लोकांना आपण जाणवतो ते. असाच हात असलेली आणखी एक जण होती, जिला घेणारं कुणी भेटलं नाही. तिचं नावही आता कुणाला सांगता येत नाही.

सुटायचं कसं, तेही सांगितलं. तुझ्यासारखी एखादी जळकी शोध, म्हणाली. तिने तोंडाने मागायला हवं, आणि आतून जळत मागायला हवं. गंमत म्हणून मागितलेलं चालत नाही, दया म्हणून नाही, भीतीने तर नाहीच. तिने मागितलं की आपण घे म्हणायचं. मागितल्यावर घे म्हटलं की झालं, बाकी काही लागत नाही.

मी म्हटलं, तुम्ही मला फसवलंत. ती म्हणाली, अगं, मी तुला दोनदा विचारलं.

२१ मार्च

लॅबमध्ये नवी मुलगी आली. देवच पावला. हात असा जड की लोक तिच्या टेबलाशी येईपर्यंतच रडतात. एकाचा दंड काळानिळा केला. रांग सगळी माझ्यापुढे. मी मुद्दाम तिच्याकडे बघून हसते. आठवडाभरात पेटेल.

२८ मार्च

पेटत नाही!

काय धातूची बनलीय कोण जाणे. माझ्यापुढची रांग बघून टाळ्या वाजवते. सगळ्यांना सांगते, आमच्या ताई म्हणजे जादू आहे. मी तिला सगळ्यांसमोर टाकून बोलले, तर संध्याकाळी माझ्यासाठी चहा घेऊन आली आणि माझा कप स्वतःच धरून उभी राहिली, कारण तिच्या लक्षात आलं होतं की मला धरवत नाही. मी सरळच विचारलं, तुला नको का असा हात? म्हणाली, नको हो ताई, तुमचा तुम्हालाच शोभतो, माझा जड तर जड.

असली माणसं जन्माला येतात कशी? रात्री झोप कशी लागते यांना? मला तिच्या त्या निवांतपणाचाच हेवा वाटतो.

३० मार्च

खांदा गेला. पर्स खांद्यावर राहत नाही.

दुकानाचं आपोआप उघडणारं दार माझ्यासाठी उघडलं नाही. मागून एक बाई आली, तिच्यासाठी उघडलं. तिच्या पाठोपाठ शिरले.

३ एप्रिल

पेन फार दाबून लिहावं लागतंय, म्हणजे दोन्ही हातांनी. तरी अक्षर पुसट.

जेवताना नवऱ्याने तीन पानं घेतली. त्याला, सासूबाईंना, भिंगरीला. मी बसलेली होते. भिंगरी म्हणाली, आणि आईचं? तेव्हा तो ओशाळला. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग उठून माझं पान त्यांनी घेतलं. त्यांना काहीतरी कळलंय. त्यांच्यावर मला रागावता येईना, हेच वाईट.

६ एप्रिल

भिंगरी शाळेतून फुरंगटून आली. वर्गात एकीचं अक्षर भिंतीवर लावलं. बाई म्हणाल्या, किती हलका हात आहे हिचा. आणि भिंगरीला म्हणाल्या, तू कागद फाडतेस. भिंगरीने दप्तर फेकलं. ती मुलगी मुळीच हुशार नाही म्हणाली, तिची पेन्सिलच चांगली आहे. नाक फुगलेलं, डोळे बारीक, आणि पोटावर हात.

उजव्या बाजूला.

ही तर सगळी माझ्यावर गेली.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, आई, सगळे म्हणतात तुझा हात हलका आहे. मला दे ना.

मी उठून न्हाणीघरात गेले आणि कडी लावली. कडी लागली नाही. पाठ लावून उभी राहिले, तरी दार उघडलंच.

७ एप्रिल

म्हणणार नाही. जीव गेला तरी.

पण तो शब्द दिवसातून किती वेळा येतो तोंडात! आईच्या तोंडात दुसरं असतं काय? डबा उचल, म्हटलं. दूध पी. बूट घाल. जवळ ये. नवऱ्याने विचारलं, अशी थांबून थांबून का बोलतेस. त्याला सांगितलं. सगळं सांगितलं. तो ऐकत होता असं मला वाटलं — मग तो पेपर उलटून वाचू लागला.

९ एप्रिल

रोज मागते. हट्ट करून, रडून. दे ना, दे ना. त्या मुलीचं दुसरंही पान भिंतीवर लागलं.

आणि मी एक क्षण — लिहूनच टाकते — एक क्षण मला वाटलं, दिला तर काय होईल, पोर आहे, तिला पुढे कुणीतरी भेटेल, आणि मी तिला थोपटू शकेन, धप् धप् —

पण मी थोपटलेलं तिला कळेल. तिचा हात मला कळणार नाही. नाही.

आजपासून बोलणंच बंद. ओठ शिवून टाकते.

११ एप्रिल

खुर्चीवर बसले की गादी दबत नाही. सासूबाई माझ्यावर बसता बसता थांबल्या —

नव्या मुलीला मी लॅबमध्ये सापडले नाही. शोधते, पण —

भिंगरीला मी अजून दिसते. फक्त तिला नीट दिसते. मागायचं असतं ना तिला काही.

१३ एप्रिल

अक्षर ठसठशीत आलंय. पेन कागदातून आरपार जातंय. खुर्ची करकरतेय.

मी म्हटलं नव्हतं. मी बोलतच नव्हते. ती शाळेला निघाली, दारात थांबून म्हणाली, आई, आज तरी दे ना, आज पुन्हा भिंतीवर लावणार आहेत. मी मान हलवली, नाही. ती जिन्याकडे पळाली, तिचं जाकीट खुंटीवर तसंच. रात्री अवकाळी पाऊस झालेला, गार वारा होता. पोर गारठेल म्हणून — फक्त म्हणून — मी जाकीट धरून ओरडले, अगं, हे घे —

ती परत आली आणि जाकीट माझ्या हातातून ओढलं. जाकीट जड लागलं मला. तिच्या हातातून ते खाली पडलं.

शाळेत नाही पाठवलं. समोर बसवलीय. पेन्सिल हातात राहत नाही म्हणून खिदळतेय. गंमत वाटतेय तिला. सासूबाई तिला हाताला धरायला जातात आणि चाचपडतात. मला महिना लागला; हिचं वजन ते कितीसं, सकाळपासूनच सरतंय.

मी मागतेय. गुडघ्यांवर बसून मागतेय, दे मला परत, दे बाळा. आणि ती शहाणी पोर लगेच म्हणते, घे ना आई, घे. किती वेळा म्हणाली. घे, घे, घे. काही होत नाही.

भीतीने मागितलेलं चालत नाही.

हेवा वाटायला हवा. तिच्या हाताकडे बघत मी तोच आणायचा प्रयत्न करतेय — ती लॅबमधली रांग आठवते, ते काउंटरवाल्याचं बोलणं, तो आराम — पोट दुखायला हवं, उजव्या बाजूला, एकदाच, थोडंसं — काहीच दुखत नाही. नुसती माया दाटून येतेय. आयुष्यभर ज्याच्या त्याच्यावर जळले, वाटेवरच्या माणसावर जळले, आणि आज पोटच्या पोरीवर जळायचंय तर —

ती म्हणतेय, आई, हात ठेव ना. ठेवते. पाठ लागत नाहीये हाताला. भिंगरी, हल बरं जरा, कुठे आहेस तू, मला नीट —